समास

फाउंटनच्या फुटपाथवर, निळ्या प्लास्टिकवर मांडलेल्या ढिगात
ते अगदी तळाशी होतं,
मेडिकलच्या प्रवेशपरीक्षा आणि तीन वर्षांपूर्वीचं राशिभविष्य
यांच्या मधे.
मुख्तारभाई प्रामाणिक माणूस.
"ये अब चलता नहीं," म्हणाले, "चार व्हर्जन मागे आहे, मॅडम.
ऐंशी द्या. रद्दीत घातलं तर तेवढेही यायचे नाहीत."

आत निळ्या शाईत नाव: हिलरी तुस्कानो, गिरीज, वसई.
खाली तारीख. वर्षाचे शेवटचे दोन आकडे
झुरळानं खाल्लेले.

मी एका सहकारी बँकेत प्रोग्रॅमर आहे,
परळला, चौथ्या मजल्यावर, वर पत्र्याचं कॅन्टीन.
अधिकृत डॉक्युमेंटेशन माझ्या स्क्रीनवर कायम उघडं असतं.
ताजं असतं. कालचं वाक्य आज बदललं
तर कालचं कुठे गेलं हे कोणी विचारत नाही.
त्यात कुणी 'मी' म्हणत नाही, कुणी दमत नाही.
हे फंक्शन यादी परत देते. एवढंच.
का देते, कुणाला हवी होती ती यादी,
हे विचारणं म्हणजे जिन्याखालच्या विजेच्या मीटरला
बरं आहे ना, म्हणून विचारणं.

पुस्तकातला माणूस मात्र बोलतो.
पहिल्याच प्रकरणात सांगतो, हे आत्ता कळणार नाही,
सोडून द्या, पाचव्यात परत भेटू.
आणि पाचव्यात खरंच भेटतो,
सांगितल्या दिवशी येणाऱ्या सुतारासारखा,
म्हणजे आपला विश्वासच बसत नाही.
त्याच्या उदाहरणात एक व्हिडिओ लायब्ररी आहे,
कॅसेटी भाड्यानं देते, उशिराचा दंड लावते.
ती लायब्ररी केव्हाच बंद पडली असणार.
दंड अजून बरोबर निघतो.

पान दोनशे बारा. छपाईची चूक.
कंस उघडतो आणि मिटत नाही.
हिलरीनं तो पेन्सिलीनं मिटलाय,
बाजूला लिहिलंय:
दोन तास गेले. मी वेडी नाही.

मार्चअखेर, रात्री अकरा चाळीस. व्याजाचा हिशेब अडला.
सत्तावीस हजार खाती, कुठल्या तरी एकावर येऊन
सगळं ठप्प.
मसुरकरसाहेब फोनवर, दर दहा मिनिटांनी
तोच प्रश्न वेगळ्या आवाजात.
मी पुस्तक उघडलं.
खरं सांगते, काही मिळालं नाही. त्यात ते फंक्शनच नाही,
पुस्तक त्याच्या जन्माआधीचं.
मिळालं ते डॉक्युमेंटेशनमध्ये, टिपेच्या खालच्या टिपेत:
यादी रिकामी असल्यास वर्तन अनिश्चित.
पाच शब्द. कुणी लिहिले, नाव नाही.
जिन्याची पायरी तुटलेली दिसली
म्हणून अंधारात कुणी तिथे वीट ठेवून जावं, तसे.
एका ओळीची तपासणी घातली. दोन वाजता व्याज लागलं.
घरी पोचल्यावर जिन्याखाली थांबले,
मीटरला विचारलं, बरं आहे ना?

एप्रिलात साहेब म्हणाले, आपल्या प्रोग्रॅमचंही लिहून ठेवा,
उद्या तुम्ही नसलात तर.
लिहिलं, नियमाप्रमाणे.
हे मोड्यूल दैनिक शिल्लक घेते. हे मोड्यूल व्याज परत देते.
एकोणीस पानं, एकाही पानावर मी नाही.
फक्त रिकाम्या यादीच्या कलमाखाली हात घसरला:
इथे एक रात्र गेली. कुणीतरी खातं उघडलं होतं
आणि पुन्हा कधी आलंच नाही.
तपासणीत ते लाल झालं. शेरा: संबंध नाही.
बरोबरच आहे. काढलं.

छापील प्रत स्पायरल करून कपाटात ठेवली आहे,
किल्ली मसुरकरांकडे.
समास मी मुद्दाम रुंद ठेवलेत.